माझ्या डोक्यातल्या सात चकत्या

पहिल्यांदा गेला तो कढीपत्ता. डब्यातला नाही हो, तोंडातला. सांबाराची फोडणी तडतडत होती, मी सुनेपुढे हात केला आणि म्हणायचं होतं, ‘कढीपत्ता दे गं.’ तर शब्दच येईना. पानं डोळ्यांपुढे, वास नाकात, आणि जिभेवर काही नाही. मोहरी जळून काळी झाली तेव्हा कुठे तोंडातून निघालं, ‘करुवेप्पिलै!’

सून हसली. “आई, तुम्ही आतां तमिळच झालांत पाहा.” मीही हसले. हसून घेतलं ते बरं झालं, कारण पुढे बरेच दिवस हसायला फुरसत मिळाली नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी मिरजेची. लग्न करून चाळीस वर्षांपूर्वी इकडे आले, तेव्हा या गावाला मद्रास म्हणत. हे इथल्याच आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात होते, आता निवृत्त. घर अंबत्तूरला. माझी शाळा चौथीत संपली. पुढचं मराठी वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं, तमिळ अक्षरं बसच्या पाट्यांवरून शिकले आणि तमिळ बोलणं भाजीवालीशी भांडून. त्यामुळे बोलते तशीच लिहिते. शुद्धलेखनवाल्यांनी हवं तर डोळे मिटून वाचावं.

हे लिहितेय ते मेंदूत गाठ निघाली म्हणून हातपाय गाळून बसलेल्या कुणासाठी. त्याच्याहून जास्त त्याच्या घरच्यांसाठी. का, ते पुढे येईलच.

अंबत्तूर हरवलं

त्सुनामी येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कढीपत्त्यामागून चाळणी गेली, शुक्रवार गेला, धाकट्या बहिणीचं नाव गेलं. कधी कधी मराठी शब्द हरवायचा आणि तमिळ हजर व्हायचा, कधी उलटं. मी कुणाला बोलले नाही. वय झालं, म्हटलं.

मग एका दुपारी बसमध्ये कंडक्टरने विचारलं, “एंगे?” म्हणजे कुठे. मला सांगता येईना. अडतीस वर्षं जिथे राहते त्या गावाचं नाव! मी खिडकीबाहेर बोट दाखवत राहिले. मागची एक बाई म्हणाली, बिचारी मुकी आहे. मी मुकी? जिच्या बडबडीने शेजारीण गॅलरीचं दार लावून घेते ती?

त्या रागाच्या भरात घरी आले आणि मुलाला सगळं सांगितलं. सुहास त्याचं नाव. त्याने दोन दिवसांत रजा काढली, मोठ्या इस्पितळात नेलं. फोटो काढले, त्या बोगद्यात घालून काढतात ते. रिपोर्टच्या दिवशी सुहास आणि हे आत गेले. मला सुनेबरोबर बाहेर बाकावर बसवलं. डोकं माझं, फोटो माझ्या डोक्याचे, आणि मी बाकावर!

बाहेर आले तेव्हा ह्यांची नजर वर पंख्याकडे.

“काय म्हणाले?”

“काही नाही गं. जरा सूज आहे.”

“सूज आली म्हणून कुणी पंख्याकडे बघत नाही,” मी म्हटलं.

सुहास फक्त बुटाची नाडी बांधत राहिला. बांधलेलीच होती ती.

पत्ते

चार दिवसांनी दाखल केलं. सकाळी साडेपाचला ताप, सहाला कॉफी, सातला इडली, आठला डॉक्टरांची फेरी. इडली मात्र चांगली असायची, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली, बोलण्याची परीक्षा घेणारी. घरच्यांना तिने खोलीबाहेर काढलं आणि मला पत्ते दाखवायला लागली. प्रत्येकावर एकेक चित्र. हे काय, ते काय. कुलपाचं चित्र आलं, मी म्हटलं ‘कुलूप’. सूप आलं, ‘सूप’. कंगवा आला तो मात्र तमिळमध्ये, ‘सीप्पु’. छत्रीला बराच वेळ लागला, पण आणली मी शोधून. मला वाटलं, वा! बरीच बाजी मारली. ती मुलगी गोड हसायची, माझा शब्द ऐकला तसा कागदावर उतरवायची आणि पुढे खूण मांडायची. तिरकी रेघ, तिरकी रेघ, मधूनच एक बरोबरची खूण. माझ्या मनात आलं, तिची बरोबरची खूण वेगळी असेल.

संध्याकाळच्या फेरीला त्या मुलीला बरोबर घेऊन डॉक्टर आले. पन्नाशीचे, शांत, बुटांचा आवाज न करणारे. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून ते सुहासशी तमिळमध्ये बोलू लागले. माझ्यासमोर. जिला बोलता येत नाही तिला कळतही नाही, असं लोक धरून चालतात. हे पक्कं लक्षात ठेवा, माझ्या बाबतीत ते साफ खोटं होतं. मला शब्दन् शब्द कळत होता.

“पेच्चु एर्कनवे पोयिडुच्चु,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे बोलणं आधीच गेलंय. दहातली जेमतेम दोन उत्तरं बरोबर, बाकी सगळं अर्थहीन. गाठ बोलण्याच्या जागेलगतच आहे. आता मोठी शस्त्रक्रिया करून हाल करण्यात अर्थ नाही. छोटा तुकडा तपासायला घेऊ, किरणांचे उपचार देऊ, आणि घरी... पुढे त्यांनी हात हलवला.

सुहासने मान डोलावली. ह्यांनीही डोलावली.

मला ओरडायचं होतं. ‘थांबा, मला विचारा!’ एवढंच म्हणायचं होतं. मराठीचं कपाट उघडलं, रिकामं. आणि तोंडातून निघालं ते मंडईतलं. भाजीवालीने भाव फारच चढवून सांगितला की इथल्या बायका कमरेवर हात ठेवून जे ओरडतात, ते.

“अनियायम्! अनियायम्!”

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

सर्वांत आधी उमगलं ते सुनेला. जया तिचं नाव, कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घरातली. तिने तो परीक्षेचा कागद डॉक्टरांच्या हातातून घेतलाच. बघितलं आणि म्हणाली, “आई कुलूप म्हणाल्या, त्यावर चूक कां केली? सूप म्हणाल्या, त्यावरही चूक! ही मराठी आहे.” हे ती मराठीत म्हणाली आणि मग तमिळमध्ये डॉक्टरांना सांगितलं.

ती मुलगी बिचारी गोंधळली. “पण फॉर्मवर मातृभाषा तमिळ लिहिलीय!”

कुणी लिहिली? ह्यांनी. चाळीस वर्षांची सवय. नवे आलो तेव्हा मराठी लिहिलं की खिडकीमागचा माणूस विचारायचा, मराठी म्हणजे हिंदी का, मुंबईचे का, इथे किती दिवस राहणार. एकदा कंटाळून ह्यांनी तमिळ लिहिलं, कुणी काही विचारलं नाही, आणि तेव्हापासून शाळा, गॅस, बँक, सगळीकडे आमची मातृभाषा तमिळ. आम्हा इकडच्या पुष्कळ मराठी घरांत हीच रीत. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

हे भिंतीला टेकून उभे होते, पांढरेफटक. मला त्यांची कीवही आली आणि उशी फेकून मारावीशीही वाटली. मारली नाही. सलाइन लावलं होतं.

डॉक्टर खुर्चीवर बसले

दुसऱ्या सकाळी जयाने पत्ते हातात घेतले, त्या मुलीला शेजारी बसवलं. मराठी असो, तमिळ असो, बरोबर ते बरोबर. निम्म्याहून बरीच जास्त उत्तरं माझी निघाली. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बसले.

“अम्मा, चूक झाली. आता तुम्हालाच सांगतो.”

त्यांनी गाठ म्हटलं, वाईट जातीची म्हटलं, पूर्ण जाईल असं सांगत नाही म्हटलं. पण एक सांगू? ह्यांच्या त्या पंख्याकडे बघण्यापेक्षा हे ऐकणं सोसलं.

मी विचारलं, अडखळत का होईना, “मग गोळी द्या. सलाइनमधून औषध द्या.”

तेव्हा त्यांनी कागदावर मेंदू काढला. आमच्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसत होता. म्हणाले, मेंदूला स्वतःचा पहारा असतो. रक्तातून आलेलं बहुतेक औषध तो दारातच अडवतो. सगळ्या अंगाला त्रास होतो आणि गाठीपर्यंत थेंब पोचत नाही. म्हणून गाठ काढली की त्या पोकळीच्या भिंतींना ते औषधाच्या चकत्या लावून ठेवणार. नाण्याएवढ्या, पातळ, पांढऱ्या. परदेशातून मागवाव्या लागतील. त्या आतल्या आत हळूहळू विरघळतात, विरघळताना औषध सोडतात, आणि शेवटी त्यांचा मागमूस राहत नाही. काढायला पुन्हा डोकं उघडायला नको.

“म्हणजे पाहुणा असा,” मी जयाला म्हटलं, “घरात शिरला, काम केलं, आणि ताट मांडायला न लावता निघून गेला.”

जयाने ते त्यांना सांगितलं. डॉक्टर पहिल्यांदा हसले. मग लगेच म्हणाले, पाहुणा भांडकुदळ असू शकतो हं. सूज येते, फिट येऊ शकते, जखम लवकर भरत नाही. आणि गाठ काढताना तुम्हाला जागं ठेवणार. तुम्ही बोलत राहायचं. बोलणं अडलं की त्या जागी माझी सुरी थांबणार.

सुहास म्हणाला, “आई, नको. बोलणं पूर्ण गेलं तर?”

“काल माझ्यासमोर तुम्ही बोललात तेव्हा कुठे होतं माझं बोलणं?” हे वाक्य मी तीन तुकड्यांत बोलले, पण बोलले. आणि फॉर्मवर सही मी केली. सुहासने पेन खिशातून काढलं होतं, ते मी त्याच्या हातातून घेतलं. देवनागरीत, पूर्ण नाव, मधे माहेरचं, वडिलांचं नाव धरून. मातृभाषेच्या रकान्यात खोडून मराठी लिहिलं.

मोट्टै

केस काढायच्या दिवशी मात्र मी ढासळले. आमच्याकडे बाईचं डोकं कधी आणि कशासाठी भादरायचे ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. माझ्या आजीच्या बहिणीला तसं बघितलंय मी, पदर कपाळाखाली ओढून बसलेली. आणि माझा नवरा जिवंत, बाहेर बाकावर वर्तमानपत्र वाचतोय!

वॉर्डातली आया, माझ्याच वयाची, कपाळभर कुंकू लावणारी. माझं रडणं तिला कळेचना. “अम्मा, मोट्टैला कोण रडतं?” म्हणाली. मोट्टै म्हणजे मुंडण. ती स्वतः नवऱ्याबरोबर पळणीच्या देवळात जाऊन डोकं करून आलेली, दोनदा. नवस फेडला की बाई मोट्टै करते, चंदन लावते, ताठ मानेने गावातून फिरते. तिने घरून चंदन उगाळून आणलं आणि माझ्या तुळतुळीत डोक्यावर, जिथे कापणार नव्हते त्या बाजूला, थंडगार बोट फिरवलं. नर्सने बघितलं आणि लगेच पुसायला लावलं. पण घटकाभर का होईना, मी नवस फेडलेली बाई होते.

“निरुत्तुंग!”

मराठी बोलणारं कुणी इस्पितळात नव्हतं, म्हणून जयाला हिरवा झगा, टोपी, तोंडाला फडकं बांधून आत घेतलं. घाबरलेल्यांना सांगते, मेंदूला दुखत नाही. कातडीला भूल देतात, कवटी उघडताना झोपवतात, मग उठवतात. उठले तेव्हा माझं डोकं अडकवलेलं, समोर जयाचे दोन डोळे आणि तिच्या हातात पत्ते.

आता एक कबुली. या मुलीच्या मराठीला मी सोळा वर्षं हसत आले. जुन्या पोथीतले शब्द, वर तमिळचा हेल. ‘मजला’ म्हणते, ‘त्यांस’ म्हणते. चार पाहुण्यांत मी तिला दुरुस्त करायची. “असं कुठे म्हणतात का गं!” ती गप्प बसायची. आणि आज माझी बोली राखायला कोण उभं? ती.

“आई, हें काय?”

“पातेलं.”

“हें?”

“घुबड. तुझ्या मामासारखं.”

फडक्याआडून ती हसली. मग छत्रीचा पत्ता आला आणि माझं तोंड उघडं राहिलं. नुसती हवा. शब्द असा गेला जसा कुणी दिवा काढून नेला.

“निरुत्तुंग!” जया ओरडली. थांबा! मोठ्या सर्जनवर ओरडली, पंधरा माणसांपुढे, जी माझ्यापुढे कधी आवाज चढवून बोलली नव्हती ती.

डॉक्टर थांबले. क्षणभराने छत्री परत आली. असं तीनदा झालं. तीन ठिकाणी डॉक्टरांनी गाठीची कड तशीच ठेवली. सुरी जिथे जाऊ शकत नव्हती तिथे चकत्या जाणार होत्या. मग मला पुन्हा गुंगी आली आणि लांबून कुणीतरी मोजतंय असं ऐकू आलं, अंजु, आरु, एळु. सात.

मुके दिवस

पाहुणा भांडकुदळ निघाला. तिसऱ्या दिवसापासून सूज आली आणि सगळं बोलणं गेलं. मराठी नाही, तमिळ नाही, ‘अनियायम्’सुद्धा नाही. अकरा दिवस. सुजेच्या औषधाने तोंड भोपळ्यासारखं आणि भूक राक्षसासारखी. त्यात एकदा फिट आली. आरशात बघून मी मनात म्हटलं, केलंस ना हट्टाने? आता बस.

ह्या दिवसांत माणसं कशी वागतात ते सांगते. सुहास मोठ्याने बोलायचा, जणू मी बहिरी. हे माझ्या वतीने सगळं सांगायचे. “तिला भात नको.” “ती थकलीय.” “तिला कॉफी आवडते.” अहो, मला तेव्हा चहा हवा होता! शब्द ओठांशी येतोय असं वाटायचं आणि हे पुढून आपला शब्द घालायचे. माझा आत पळून जायचा. प्रेमाने करत होते, मान्य. प्रेमाने माणसाचं तोंड बंद करता येतं हेही मान्य करा.

एका दुपारी मी ह्यांचा हात धरला आणि त्यांच्याच ओठांवर माझं बोट ठेवलं. ते बसून राहिले. घड्याळ बघितलं नाही, मान वळवली नाही. बरोब्बर किती वेळ गेला माहीत नाही, बाहेर जेवणाची गाडी खडखडत येऊन गेली. मग माझ्या तोंडातून आलं, “च... चहा.”

चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः चहा करून आणल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही केला नाही. पण तीन मजले उतरून कँटीनमधून आणला, निम्मा बशीत सांडलेला.

पुढे शब्द एकेक करून येत गेले. काही मिरजेचे, काही मंडईचे, काही जयाच्या पोथीतले. आता मीही कधी ‘मजला’ म्हणते. म्हणू दे. आल्या शब्दाला मी दारात उभं करून गोत्र विचारत नाही.

उंदीर बरे होतायत

तीन महिन्यांनी फोटो काढला. चकत्या नव्हत्या. कुठे गेल्या म्हणून डॉक्टरांना विचारलं, म्हणाले, अम्मा, विरघळल्या, काम करून गेल्या. गाठीची उरलेली कड गप्प बसली होती. मी वर्षभर सांबार केलं, भांडले, बसने फिरले आणि कंडक्टरला खणखणीत आवाजात ‘अंबत्तूर’ सांगितलं.

मधे एकदा डॉक्टरांनी त्यांच्या एका संशोधक विद्यार्थिनीची ओळख करून दिली. तिने खिशातून एक छोटी बाटली काढली. आत नारळाच्या पातळ दुधासारखं काहीतरी.

“अम्मा, तुमच्या चकत्यांची ही नातवंडं.”

तशाच विरघळणाऱ्या पदार्थाचे कण, म्हणाली, पण धुळीच्या कणाहूनही कितीतरी बारीक. नॅनो म्हणतात. पोटात औषध भरलेलं, वरून असा लेप की मेंदूचा पहारेकरी त्यांना आपलाच माणूस समजून आत सोडेल. हातातल्या शिरेत सुई, बस. डोकं उघडायलाच नको.

“मग दे ना मला,” मी हात पुढे केला.

ती ओशाळली. “अजून फक्त उंदरांना देतो, अम्मा. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील.”

“उंदीर बरे होतायत?”

“काही होतायत.”

“बरं आहे. पण बरं होऊन उंदरांना बोलायचं काय असतं? मला पुष्कळ आहे. जरा घाई कर.”

ती हसली. मी हसत नव्हते. पण तिच्या डोक्यावर हात ठेवला, कारण माझ्यासाठी नाही तर नाही, कुणाच्या तरी आईसाठी ती बाटली माणसापर्यंत यायलाच हवी.

मागच्या आठवड्यात

दुसरं वर्ष सरत आलं आणि शब्द पुन्हा अडायला लागले. फोटोत दिसलं, ती कड जागी झालीय. या वेळी बाकावर कुणी बसलं नाही. चौघंही आत गेलो. डॉक्टरांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि सांगितलं. पुन्हा उघडून जमेल तेवढं काढता येईल, पुन्हा चकत्या ठेवता येतील. गाठ मात्र आता बोलण्याच्या जागेत आणखी घुसलीय. किंवा काहीच न उघडता, आहेत ते दिवस गोळ्यांवर आणि घरी.

“अम्मा, तुम्हाला काय हवंय?”

मला माहीत होतं मला काय हवंय. सांगायला सुरुवात केली आणि पहिलाच शब्द मिळेना. शोधत राहिले. ह्यांचे ओठ हलले, मी बघितलं. त्यांनी ते मिटून घेतले. सुहास मान खाली घालून बसला. जया माझ्याकडे बघत होती, नुसती बघत होती. डॉक्टरांचा फोन वाजला, त्यांनी तो न बघता बंद केला. कुणीही माझ्या जागी बोललं नाही.

“उघडा,” मी म्हटलं. मग थोडं थांबून, “पण ही म्हणेल तिथे थांबायचं. गाठ राहिली तर राहिली.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून, शब्दाला शब्द. सोमवारी दाखल व्हायचंय.